रेडिएटरचा पंखा फिरत नाही? मोटर विकत घेण्याआधी हे तपासा

गाडी इंदूरच्या ए. बी. रोडवर ऐंशीच्या वेगाने निमूट पळते, तापमानाचा काटा मध्यावर ठाम असतो. जवाहर मार्गाच्या गर्दीत शिरून राजवाड्याकडे सरकायला लागलात की तोच काटा वर चढू लागतो आणि एसीतून गार हवेऐवजी कोमट वारा येतो. गर्दी संपली, गाडी जरा पळाली, की पुन्हा सगळं ठीक. तुमच्या गाडीचं असं होत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा दोष इंजिनात नसतो, पंख्यापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतो.

‘वाटेवर’ हे मुद्दाम म्हणतोय. बॅटरी, फ्यूज, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), तापमानाचा सेन्सर, गाडीचा कॉम्प्युटर, वायरी, कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग), अर्थिंग (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट) आणि सगळ्यात शेवटी मोटर, एवढ्यांनी आपापलं काम केलं की पंखा फिरतो. गॅरेजमध्ये मात्र पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं: “भिया, मोटर गई, पूरा पंखा डलेगा.” माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकबद्दलही हेच सांगण्यात आलं होतं. निघाली ती गंजलेली अर्थिंगची वायर. फ्यूज दहा-वीस रुपयांत येतो, रिले शे-दोनशेत, आणि पंख्याची पूर्ण असेंब्ली घ्यायची तर काही हजार मोजावे लागतात. तेव्हा तपास स्वस्ताकडून महागाकडे जायला हवा.

हा लेख विजेवर चालणाऱ्या पंख्यांसाठी आहे, म्हणजे आजच्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्यांसाठी. बोलेरोसारख्या काही गाड्यांत पंखा इंजिनालाच जोडलेला असतो आणि त्याचा व्हिस्कस क्लच (तापमानानुसार पंख्याची पकड बदलणारा जोड) वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. त्यांना यातलं फारसं काही लागू नाही.

१. दोष पंख्याचाच आहे ना, ते ठरवा

साधारण ५०-६० किलोमीटरच्या वेगाला समोरून येणारी हवाच रेडिएटर गार ठेवते, पंख्याची गरज फारशी पडत नाही. म्हणून गाडी कधी गरम होते, हाच पहिला पुरावा.

उभी असताना किंवा रांगत असताना गरम होत असेल, तर संशय पंख्यावर. हायवेवर, सलग वेगात गरम होत असेल, तर पंखा बाजूला ठेवा आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी झालंय का, रेडिएटर चोंदलाय का, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) अडकलाय का, वॉटर पंप (आपल्याकडचे मेकॅनिक त्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात) थकलाय का ते पाहा. दोन्हीकडे गरम होत असेल तर आधी कूलंटची पातळी, बाकी नंतर.

खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे भेरूघाटात ट्रकमागे अडकलात आणि काटा चढला, तर निदान जरा फसवं असतं. तिथे वेगही कमी असतो आणि इंजिनावर भारही जास्त. नुसत्या घाटातल्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नका.

काही नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा गाडीसाठी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा प्लग) घ्या, तो मोबाइलवर तापमान अंशांत दाखवतो.

२. हे सामान जवळ ठेवा

- साधा डिजिटल मल्टीमीटर
- हेडलाइटचा जुना पण चालू बल्ब, त्याला जोडलेल्या दोन जाड वायरी आणि टोकांना चिमटे
- १० आणि १२ नंबरचे पाने, शक्यतो गोटी आणि एक्स्टेन्शनसह
- स्क्रू ड्रायव्हर, पकड, टॉर्च
- बारीक पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, इन्सुलेशन टेप
- ३० अँपियरचा फ्यूज मध्ये बसवलेली, बॅटरीपासून पंख्यापर्यंत पुरेल अशी जाड वायरींची जोडी
- गाडीची मालक-पुस्तिका. फ्यूज कुठे, कोणत्या नंबरचा, ते तिच्यात असतं

यादीतला हेडलाइटचा बल्ब कशासाठी, ते पाचव्या पायरीत कळेल. तो वगळू नका.

३. हात घालण्यापूर्वी

गरम इंजिनावर रेडिएटरची टोपी उघडायची नाही. त्या टोपीमुळे आत साधारण एक बारचा जादा दाब असतो, त्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी फिरवली की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. वरचा होज (रेडिएटरला जोडलेला जाड रबरी पाइप) हाताने दाबता येईल इतका गार झाल्यावरच टोपीला हात लावा.

दुसरी गोष्ट पात्यांची. बऱ्याच गाड्यांत चावी बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होऊ शकतो. पात्यांजवळ बोट नेण्याआधी कपलर काढा किंवा बॅटरीची निगेटिव्ह सोडा. ओढणी, मफलर, सैल बाह्या दूर ठेवा.

कूलंट सांडलं तर पुसून घ्या. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, गल्लीतली कुत्री ते चाटतात. शिवाय २०१७पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात ते रस्त्यावर ओतलंत तर शेजारीच फोटो काढतील.

४. एसी लावून बघा

इंजिन चालू करा, एसी पूर्ण गारव्यावर ठेवा आणि बॉनेट उघडून पाहा. बहुतेक गाड्यांत एसी सुरू होताच, किंवा थोड्याच वेळात, पंखा फिरायला लागतो.

एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही? मग मोटर ठीक आहे, संशय तापमानाच्या सेन्सरवर. दोन पंख्यांच्या गाडीत मात्र कोणता फिरतोय ते नीट बघा, काही गाड्यांत एक पंखा एसीचा आणि दुसरा इंजिनाचा असतो.

एसीवरही फिरत नाही, म्हणजे पंखा गेला, असं लगेच म्हणू नका. एसीतला गॅस संपला असेल तर कॉम्प्रेसरच लागत नाही, आणि मग कॉम्प्युटर पंख्याला हुकूमही देत नाही. तेव्हा दुसरी युक्ती वापरा. चावी बंद करून इंजिनावरच्या कूलंट सेन्सरचा कपलर काढा, मग चावी चालू करा किंवा इंजिन सुरू करा. तापमान कळेनासं झालं की बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्युटर खबरदारी म्हणून पंखा चालू करतो. चेक इंजिनचा दिवा लागेल, त्याची चिंता नको. कपलर परत लावून स्कॅनरने (कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या यंत्राने) दोषाचा कोड पुसता येतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत कॉम्प्युटर नसतो, रेडिएटरलाच थर्मो स्विच बसवलेला असतो. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की पंखा फिरायला हवा. फिरला तर स्विच बदला, काम संपलं.

५. कपलरपर्यंत वीज येते का? सगळा निकाल इथे

पंख्याच्या मोटरवरून निघालेला कपलर शोधा आणि काढा. बोटाने कुलूप दाबून ओढायचा. वायरीला धरून ओढलात तर वायर हातात येईल. आतल्या पिना बघा. काळ्या पडलेल्या, हिरवट, प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर निम्मं निदान तिथेच झालं.

आता गाडीच्या बाजूच्या दोन पिनांना हेडलाइटचा बल्ब जोडा आणि चौथ्या पायरीतल्या युक्तीने पंख्याला हुकूम मिळेल असं करा.

इथे मल्टीमीटर का नाही? कारण मल्टीमीटर जवळपास करंटच ओढत नाही. एका तारेवर तग धरून राहिलेली, आतून कुजलेली वायरही त्याला ऐटीत १२ व्होल्ट दाखवते. पंखा जोडला की तीच वायर मान टाकते. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो. पंख्याच्या मानाने हे कमीच, पण कुजकी वायर उघडी पडायला पुरेसं. मीटरवर ‘वीज तर येतेय’ असं पाहून चांगली मोटर फेकून दिली जाते, ती याच जागी.

बल्ब लख्ख पेटला: पुरवठा, रिले, अर्थिंग सगळं ठीक आहे. मोटर तपासा, पायरी ७.

बल्ब मिणमिणला: वाटेत कुठेतरी खराब जोड आहे. मात्र दोन वेगांच्या पंख्यात कमी वेगाच्या वेळी मध्ये रेझिस्टर असतो, तेव्हा बल्ब थोडा मंद असणं साहजिक आहे.

बल्ब पेटलाच नाही: बल्बचं अर्थिंगचं टोक कपलरवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पेटला तर पुरवठा ठीक, अर्थिंगची बाजू तुटलेली. तरीही नाही पेटला तर पायरी ६.

एक अपवाद. कपलरमध्ये दोन जाड वायरींखेरीज एक-दोन बारीक वायरी दिसल्या, तर त्या पंख्याचा वेग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल ठरवतं. बारीक पिनांना बल्ब किंवा थेट बॅटरी लावायची नाही, मॉड्यूल जळतं. अशी गाडी स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. स्कॅनरवरून पंख्याला थेट हुकूम देता येतो.

६. वीज येत नसेल तर

_फ्यूज._ पंख्याचा फ्यूज बहुधा बॉनेटखालच्या डब्यात असतो, ३० किंवा ४० अँपियरचा. नुसता बघून भागत नाही, मीटरच्या बीपवर तपासा. जळला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घाला. तोही लगेच उडाला तर मोटर जाम झालीय किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. मोठ्या नंबरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली पन्नी गुंडाळून काम चालवणारे महाभाग आहेत. त्यांच्या गाडीत फ्यूजऐवजी वायर जळते.

फ्यूज शाबूत असूनही त्याची खाच वितळलेली असू शकते. हे पंख्याच्या फ्यूजबाबत बऱ्याचदा होतं, कारण करंट मोठा आणि बराच वेळ चालणारा.

_रिले._ सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे अदलाबदल. त्याच डब्यात हॉर्नचा किंवा दुसरा तसाच रिले असतो. वर छापलेला नंबर आणि पिनांची मांडणी तंतोतंत जुळत असेल तरच बदलून पाहा. पंखा सुरू झाला तर नवा रिले घ्या. रिले टकटक करतो म्हणजे चांगला, असं समजू नका. आतली कॉइल हलते पण जळलेले पॉइंट वीज पुढे नेत नाहीत, असं सर्रास होतं. मीटरने पाहायचं तर ८५ आणि ८६ या पिनांमध्ये सहसा ५० ते १२० ओहम दिसतात.

रिले काढून खाचेतल्या ३० आणि ८७ या जागा फ्यूजच्या जाड वायरीने क्षणभर जोडल्या तर पंखा फिरायला हवा. पण नंबर नीट वाचता येत नसतील तर हा प्रयोग सोडा. चुकीच्या खाचेत वायर गेली तर कॉम्प्युटरला इजा होते आणि मग हिशेब हजारांत जातो.

_सेन्सर._ थंड इंजिनावर, साधारण २०-२५ अंशांना, बहुतेक सेन्सर दोन ते तीन हजार ओहम दाखवतात आणि तापल्यावर हा आकडा काही शेवर उतरतो. उतरतच नसेल तर सेन्सर गेला. स्कॅनर असेल तर पी०११७, पी०११८ हे कोड सेन्सरच्या वाटेचे आणि पी०४८० हा पंख्याच्या नियंत्रणाचा. कोड आला म्हणजे तो भागच बिघडला असं नव्हे, त्या वाटेवर बघा एवढाच त्याचा अर्थ.

_उंदीर._ हसू नका. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ते हमखास येतात आणि वायरीचं प्लास्टिक कुरतडतात. टॉर्च घेऊन पूर्ण वायरिंगवरून एकदा नजर फिरवाच.

७. वीज येते, तरी पंखा फिरत नाही

आधी अर्थिंग पक्कं करा. मोटरची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते तो बोल्ट काढा, दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट करा. पंखा चालू असताना त्याची निगेटिव्ह पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड अजून खराब आहे.

मग मोटर. कपलर काढलेला असताना पातं हाताने फिरवा. सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. खरखर, अडखळणं किंवा दांडा वर-खाली हलणं म्हणजे बुश किंवा बेअरिंग गेलं. त्यानंतर फ्यूजच्या जाड वायरींनी बॅटरी थेट मोटरला द्या. हात, वायरी आणि पानं पात्यांपासून दूर. पूर्ण जोरात फिरली तर मोटर चांगली. फिरली नाही, पण अंगावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारल्यावर फिरली, तर आतले कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) झिजलेत.

कार्बन बदलून मिळतात. वाइंडिंगवाले बुशही बसवून देतात. पण अनेक मोटरी दाबून बंद केलेल्या असतात. त्या उघडल्या की पहिल्यासारख्या बसत नाहीत. मी हा उपाय हिवाळ्यात नवा भाग येईपर्यंतची सोय म्हणून करेन, मेच्या तोंडावर नाही.

८. अर्धवट बिघाड

काटा बराच वर गेल्यावर पंखा एकदम घोंघावत सुरू होतो, हळू वेगात कधीच फिरत नाही? दोन वेगांच्या पंख्यात रेझिस्टर जळला की असं होतं. तो बहुधा पंख्याच्या चौकटीवरच बसवलेला असतो आणि वेगळा मिळतो. यासाठी पूर्ण असेंब्ली घेण्याची गरज नसते.

उलट, पंखा थंड गाडीतही थांबतच नसेल तर रिलेचे पॉइंट चिकटलेत किंवा सेन्सरची वायर तुटलीय. चावी काढल्यावरही तासभर चालू राहिला तर रात्री कपलर काढून ठेवा, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली मिळेल.

९. सुटे भाग घ्यायला जाताना

सरवटे बसस्टँडजवळच्या छोटी ग्वालटोलीत सुट्या भागांची बरीच दुकानं आहेत. जाताना हे न्या:

- आरसीची फोटोकॉपी (चासी नंबर आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष त्यात असतं)
- काढलेला जुना भाग, निदान त्यावरच्या स्टिकरचा आणि कपलरचा स्पष्ट फोटो
- पात्यांची संख्या आणि व्यास

एकाच मॉडेलच्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांचे पंखे वेगळे असू शकतात, एसी असलेल्या-नसलेल्यांचेही. कपलर जुळत नसेल तर ‘वायर काटके जोड़ लेना’ हा सल्ला ऐकू नका, तो भाग तुमच्या गाडीचा नाही. दुकानातच बॅटरीवर फिरवून दाखवायला सांगा आणि पक्कं बिल घ्या. विजेचा भाग एकदा गाडीत बसला की बरेच दुकानदार परत घेत नाहीत, हे आधीच विचारून ठेवा.

गॅरेजवाल्याचे आणखी दोन प्रस्ताव नाकारायचे. एक, पंखा ‘डायरेक्ट’ करून डॅशबोर्डवर बटण बसवणं. बटण विसरण्याचा दिवस येतोच, आणि फ्यूजशिवाय ओढलेली वायर आगीला आमंत्रण असते. दुसरा, थर्मोस्टॅट काढून टाकणं. त्याने मूळ दोष झाकला जातो, इंजिन योग्य तापमानाला उशिरा येतं आणि मायलेज घसरतं.

१०. पंखा बदलणे

बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. कपलर काढा, वायरींच्या क्लिपा सोडवा, चौकटीचे बोल्ट काढा आणि पूर्ण चौकट सरळ वर उचला. काही गाड्यांत वरचा होज आड येतो, मग थोडं कूलंट स्वच्छ भांड्यात काढून घ्यावं लागतं. उचलताना रेडिएटरच्या जाळीवर चौकट घासू देऊ नका, पत्रा फार नाजूक असतो. जाळीसमोर पुठ्ठा सरकवून ठेवला की काम निर्धास्त होतं.

पातं जुनं ठेवून फक्त मोटर बदलत असाल तर काही मोटरींवर उलट्या आट्यांचा नट असतो. नेहमीच्या दिशेने सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसरीकडे फिरवून पाहा.

चौकट बाहेर आहे तोवर जाळी धुऊन घ्या. कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ आणि किडे साचलेले असतात. साध्या पाइपने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर पाणी मारा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जाळीच्या पट्ट्या वाकवतो.

कूलंट भरायचं ते तयार मिश्रण किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. बोरिंगचं पाणी अजिबात नाही, त्याचा क्षार आत बसतो. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, टोपी उघडी असताना गार इंजिन सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा. आत हवा अडकली तर नवा पंखाही गाडी वाचवणार नाही.

११. काम झालं की नाही

जाळीसमोर कागद धरा. पंखा चालू असताना तो जाळीला चिकटायला हवा. उडून तुमच्याकडे आला तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात. पंखा हवा ओढण्याऐवजी ढकलतोय आणि चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडेल.

मग एसी बंद ठेवून इंजिन उभ्या-उभ्या तापू द्या. पेट्रोल गाड्यांत पंखा साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो आणि काही अंश उतरल्यावर थांबतो, नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. सुरू-बंद होण्याची ही फेरी दोनदा पाहा. त्यानंतर एसी लावून पुन्हा. शेवटी संध्याकाळच्या गर्दीत पलासियाकडे एक चक्कर मारा.

पंखा वेळेवर फिरतोय तरी काटा चढतोय, कूलंट कुठेही गळत नसताना कमी होतंय किंवा टोपीत सतत बुडबुडे येतायत, तर पंख्याचा नाद सोडा आणि हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) तपासणी करून घ्या.

१२. दुरुस्तीआधीच वाटेत काटा चढला तर

एसी लगेच बंद. हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू, खिडक्या खाली. मेमध्ये हा उपाय छळाचा वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची थोडी उष्णता तो बाहेर काढतो. काटा लाल पट्टीत पोचला किंवा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘थोडंच राहिलंय’ म्हणून ओढू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकलं की खर्च पंख्याच्या कितीतरी पट होतो. वरून गार पाणी ओतू नका. अर्धा-पाऊण तास थांबा, होज गार झाल्यावर कापड धरून टोपी हळू उघडा आणि कूलंट भरा. आणीबाणीत साधं पाणी चालेल, मात्र नंतर ते काढून टाका. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर त्याचा नंबर आजच मोबाइलमध्ये साठवा आणि टो करताना गाडी कुठे न्यायची ते स्वतः सांगा, नाहीतर चालक त्याच्या ओळखीच्या गॅरेजात सोडतो.